प्रीमियम तिप्पट झाला, दोष कुणाचा? एका कन्झर्व्हेटिव्ह ब्रोकरचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं साठीच्या जवळ आलात, आयटीतली नोकरी गेल्यावर स्वतःचं कन्सल्टिंग सुरू केलं, इन्शुरन्स सरकारी मार्केटप्लेसवरून घेता, वर्षाचं उत्पन्न ८९ हजार डॉलरच्या आसपास, आणि गेल्या वर्षी महिना साडेसहाशेच्या आत असलेला हप्ता जानेवारी २०२६ पासून दोन हजारांच्या वर गेलाय. मुलगा म्हणतो रिपब्लिकनांनी सबसिडी मारली, मित्रमंडळी म्हणतात ओबामाकेअर, म्हणजे २०१० चा आरोग्यविम्याचा कायदा, मुळातच चुकीचं होतं. आणि तुम्हाला कुणीतरी कन्झर्व्हेटिव्ह विचारांच्या माणसाने सरळ सांगावं असं वाटतंय की खरं काय आणि तुमच्या लोकांकडे उपाय तरी आहे का.

मी वीसेक वर्षं नॉर्थ कॅरोलिनात हेल्थ इन्शुरन्सचा ब्रोकर आहे, रॅली शहराच्या बाजूला, केरी-मॉरिसव्हिल भागातली आपली बरीच मंडळी माझ्याकडे येतात. मत रिपब्लिकनांना देतो आणि ते लपवत नाही, म्हणून उत्तर देतोय. एक आधीच सांगतो, तुमचा नेमका आकडा राज्य, काउंटी, वय आणि टॅक्स रिटर्नवरचं उत्पन्न यावर ठरतो, त्यामुळे शेजाऱ्याचा हप्ता तुमच्यापेक्षा निम्मा असेल तर त्यात कुणी कुणाला फसवलं असं नसतं.

आधी तुमच्या घरातलं भांडण मिटवतो. मुलगा आणि मित्र दोघंही अर्धं खरं बोलतायत. जी सबसिडी संपली ती मूळ ओबामाकेअरची नव्हती, ती २०२१ च्या मार्चमध्ये कोविडच्या पॅकेजमध्ये वाढवून दिलेली होती आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुढे २०२५ अखेरपर्यंत ढकलली. दोन्ही वेळा एकाही रिपब्लिकनाचं मत त्यात नव्हतं, म्हणजे ही शेवटची तारीख डेमोक्रॅट्सनी स्वतःच कायद्यात लिहिली होती, कारण कायमची दिली असती तर खर्चाचा आकडा फार मोठा दिसला असता. हे मुलाला सांगा. आणि मित्रांना हे सांगा की २०२५ मध्ये व्हाइट हाऊस, हाऊस, सिनेट तिन्ही आमच्याकडे होतं, जुलैत आम्ही टॅक्सचा भलामोठा कायदा पास केला, तारीख सगळ्यांना माहीत होती, आणि तरी तुमच्यासारख्या माणसाला जानेवारीत काय मिळणार याचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं. मग याच वादात १ ऑक्टोबरपासून सरकार ४३ दिवस बंद राहिलं, डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये दोन प्रस्ताव आले, एक त्यांचा तीन वर्षं मुदतवाढीचा, एक आमचा पैसे थेट हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये (एचएसए, उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) टाकण्याचा, दोन्ही सिनेटमध्ये लागणाऱ्या ६० मतांपर्यंत पोचले नाहीत. त्या संध्याकाळी दोन्हीकडच्या लोकांनी पत्रकार परिषदेत एकमेकांवर खापर फोडलं आणि माझ्या ऑफिसातला फोन वाजतच राहिला.

पण मला विचाराल तर खरा प्रश्न सबसिडी कुणी काढली हा नाहीच. तुमचा पूर्ण हप्ता दोन हजारांच्या वर का आहे, हा आहे. सबसिडी होती तेव्हाही तो काही लहान नव्हता, फक्त तुम्हाला दिसत नव्हता. मी क्लायंटला स्क्रीन दाखवतो तेव्हा वर छोट्या अक्षरात मूळ किंमत असते, खाली मोठ्या अक्षरात क्रेडिट, म्हणजे हीच सबसिडी, वजा जाऊन तुमचा आकडा. सगळ्यांची नजर खालच्या आकड्यावर जाते, साहजिक आहे. आणि तो आकडा कसा ठरतो बघा, तुमच्या भागातला दुसऱ्या नंबरचा स्वस्त सिल्व्हर (मधल्या श्रेणीचा) प्लॅन घ्यायचा, तुमच्या उत्पन्नाचा ठरलेला टक्का तुम्ही भरायचा (२०२५ पर्यंत जास्तीत जास्त साडेआठ टक्के), वरचं सगळं सरकार थेट इन्शुरन्स कंपनीला देणार. म्हणजे कंपनीने त्या प्लॅनची किंमत दोनशे डॉलरने वाढवली तर तुम्हाला फरक काहीच नाही, ते दोनशे सरकारच्या खात्यातून जाणार. जो विकत घेतोय त्याला किंमत वाढल्याचं कळतच नाही, असा बाजार स्वस्त कसा राहील? मी कन्झर्व्हेटिव्ह आहे तो इथे आहे. गरिबाला मदत नको असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. मदत अशा पद्धतीने दिली की किंमतच कुणी विचारेना, याला माझा विरोध आहे.

२०१० च्या कायद्यात अशा आणखी गोष्टी आहेत. कंपन्यांनी प्रीमियमचे किमान ८० टक्के (मोठ्या ग्रुपमध्ये ८५) उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावरच खर्च करायचे हा नियम कानाला छान वाटतो, पण फायदा टक्क्यात बांधला की एकूण बिल जितकं मोठं तितके त्या उरलेल्या २० टक्क्यांतले डॉलर जास्त, मग हॉस्पिटलशी घासाघीस करायची कंपनीला घाई कशाला? वयाप्रमाणे दरातला फरक जास्तीत जास्त तिप्पट ठेवला, प्रत्यक्षात साठीतल्या माणसाचा उपचारखर्च तरुणाच्या त्याहून बराच जास्त असतो, त्यामुळे पंचविशीतल्या पोरांना जास्त भरावं लागलं आणि बरीच पोरं आलीच नाहीत. परिणाम आकड्यात दिसला, सरकारच्या स्वतःच्या अहवालात हेल्थकेअर डॉट गव्ह वापरणाऱ्या राज्यांतला स्वतंत्र घेतलेल्या पॉलिसीचा सरासरी हप्ता २०१३ मध्ये २३२ डॉलर होता तो २०१७ मध्ये ४७६ झाला. आणि तुमचा प्लॅन आवडतोय तर तो तसाच राहील हे अध्यक्षांनी कितीतरी वेळा सांगितलेलं असताना २०१३ च्या शेवटी लाखो लोकांना पॉलिसी बंद झाल्याची पत्रं आली. ती पत्रं घेऊन लोक माझ्या टेबलासमोर बसलेत. चिडलेली नव्हती ती माणसं, गोंधळलेली होती, मी काय चूक केली असं विचारत होती.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. २३२ डॉलरवाल्या काळात ती पॉलिसी सगळ्यांना मिळत नव्हती. डायबेटिस आहे, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय, असं फॉर्मवर लिहिलं की नकार यायचा, आणि आपल्या लोकांत डायबेटिस किती घरांत आहे हे मी सांगायला नको. नोकरी गेली, कोब्राचे (जुन्या कंपनीचा विमा स्वतःच्या पैशांनी चालू ठेवायची सोय) १८ महिने संपले, पुढे काय, या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे बरं उत्तर नसायचं. साधारण ३५ राज्यांत अशा आजारी लोकांसाठी वेगळे हाय रिस्क पूल होते. कल्पना चांगली होती आणि ती आमच्या बाजूची लोकं आजही सांगतात, पण बहुतेक ठिकाणी त्यात पैसेच पुरेसे घातले नव्हते, हप्ता जास्त, काही राज्यांत वेटिंग लिस्ट. जो कन्झर्व्हेटिव्ह २००९ सालात परत जाऊया म्हणतो त्याने तेव्हा कुणाचे अर्ज भरलेले नाहीत एवढंच मला समजतं. विमा नसलेल्यांचं प्रमाण २०१० मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास होतं ते आता ८ च्या आसपास आहे, हे खरं आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे.

आता दोषारोपांचा भाग. ओबामाकेअर मार्च २०१० मध्ये हाऊसमध्ये २१९ विरुद्ध २१२ ने पास झालं, एकही रिपब्लिकन मत नाही. त्याआधी जानेवारीत मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात डेमोक्रॅट केनेडींच्या जागेवर आमचे स्कॉट ब्राउन निवडून आले होते, डेमोक्रॅट्सची सिनेटमधली ६० मतं गेली होती. माझ्या मते तिथे थांबून दोन्ही पक्षांना चालेल असं काहीतरी लहान करायला हवं होतं, पण रिकन्सिलिएशनचा, म्हणजे सिनेटमध्ये साध्या बहुमतावर पास करायचा, रस्ता काढून पुढे रेटलं. एवढी मोठी गोष्ट एकाच पक्षाच्या मतांवर केली की दुसरा पक्ष ती सुधारायला कधीच मदत करत नाही, तो ती पडायची वाट बघतो. आणि आम्ही अगदी तेच केलं. सात वर्षं रिपील अँड रिप्लेस (रद्द करून दुसरं आणू) म्हणत निवडणुका जिंकल्या, हाऊसमध्ये रद्द करायची डझनावारी मतदानं घेतली, २०१७ मध्ये सगळी सत्ता हातात आली तेव्हा रिप्लेसचा कागद कुठे होता? मे महिन्यात हाऊसने २१७-२१३ ने एक बिल पास केलं, आणि जुलैत सिनेटमध्ये मध्यरात्रीनंतर आमचेच सिनेटर मॅकेन यांनी अंगठा खाली केला, ४९-५१. आमच्या लोकांनी पुढची कितीतरी वर्षं मॅकेनना दोष दिला. पण त्या रात्री मतदानाला आलेल्या बिलात तुमच्यासारख्या माणसाचा हप्ता कमी करणारं फारसं काही नव्हतं, मॅन्डेट (विमा घ्यायची सक्ती, नाहीतर दंड) काढायचा आणि बाकीचं नंतर बघू, असा तो प्रकार होता. मॅन्डेटचा दंड त्याच डिसेंबरमध्ये टॅक्सच्या कायद्यातून शून्य केला, २०१९ पासून. त्या मॅन्डेटचीही गंमत नाही, शोकांतिका आहे, १९८९ मध्ये ती कल्पना हेरिटेज फाउंडेशन या आमच्या बाजूच्या संस्थेतून आली, २००६ मध्ये आमचेच गव्हर्नर मिट रॉम्नींनी मॅसॅच्युसेट्समध्ये लागू केली, आणि समोरच्याने उचलल्यावर तीच आमच्यासाठी स्वातंत्र्यावरचा घाला झाली. मला स्वतःला मॅन्डेट कधीच पटला नाही, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने तो टॅक्स म्हणून चालवून घेतला तेव्हाही पटला नव्हता, पण कल्पना आपल्याच घरातून निघाली हे विसरायचं नाही.

तर या देशात किंमत इतकी का, तिकडे येतो, कारण यावर दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडण्याच्या नादात हातच लावत नाहीत.

एक उदाहरण सांगतो. माझे एक क्लायंट गेली कित्येक वर्षं एकाच ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला जातात. मध्यंतरी ती प्रॅक्टिस एका मोठ्या हॉस्पिटल सिस्टिमने विकत घेतली. डॉक्टर तेच, खोली तीच, नर्सही तीच, दारावरची पाटी फक्त बदलली. त्यांनी ईओबी (विमा कंपनीकडून येणारा बिलाचा हिशोब) माझ्याकडे आणली, आधी त्यावर एकच ओळ असायची, आता दोन, एक डॉक्टरांची फी आणि खाली फॅसिलिटी फी, आणि खालची वरच्यापेक्षा मोठी. ते हॉस्पिटलमध्ये गेलेच नव्हते, पार्किंग लॉटही जुनाच होता, पण कागदावर ती खोली आता हॉस्पिटलचा आउटपेशंट विभाग झाली होती. डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) संपलेलं नसल्याने सगळे पैसे त्यांच्या खिशातून गेले. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, तोसुद्धा याच पद्धतीने एकाच कामाचे जागेनुसार वेगळे पैसे देतं. २०१५ च्या बजेट कायद्यात यावर थोडा लगाम घातला, पण आधीपासून चालू असलेल्या जागा सोडून दिल्या. कामाला एकच दर, जागा कुठलीही असो, हे करायला ना डाव्यांची विचारसरणी आड येते ना उजव्यांची, तरी होत नाही, कारण बहुतेक मतदारसंघांत सगळ्यात मोठ्या एम्प्लॉयर्सपैकी एक हॉस्पिटल असतं आणि त्या हॉस्पिटलला दुखवायची तयारी कुठल्याच काँग्रेसमनची नसते, आमच्याही नाही.

दुसरं, स्पर्धा. आमच्या राज्यात नवीन एमआरआय मशीन बसवायचं, नवीन सर्जरी सेंटर काढायचं तर राज्याकडून गरज असल्याचं सर्टिफिकेट घ्यावं लागायचं, लहान काउंटींत अजूनही लागतं, सर्टिफिकेट ऑफ नीड, आणि आधीपासून असलेली हॉस्पिटल्स तिथे येऊन हरकत घेऊ शकतात. न्यू बर्नमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना स्वतःच्या क्लिनिकमध्ये ऑपरेशन्स करायची होती, हॉस्पिटलपेक्षा बऱ्याच कमी पैशांत, तर त्यांना कोर्टात जावं लागलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने केस परत खालच्या कोर्टाकडे पाठवली. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला विचारून समोर नवीन हॉटेल उघडायची परवानगी द्यायची तर गावात दुसरं हॉटेल कधी होईल? हे कायदे उजव्या राज्यांतही आहेत, डाव्याही. आणि २०१० च्या कायद्याने डॉक्टरांच्या मालकीच्या हॉस्पिटल्सना नवीन निघायला आणि वाढायला जवळपास बंदीच घातली, ती आजही आहे.

पण याच राज्यात २०२३ मध्ये जे झालं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. विधिमंडळ रिपब्लिकन, गव्हर्नर रॉय कूपर डेमोक्रॅट. मेडिकेड (गरिबांचा सरकारी विमा) वाढवायचं की नाही यावर दहा वर्षं दोन्हीकडून तेच ते चाललं होतं. शेवटी सौदा झाला, एकाच कायद्यात मेडिकेडही वाढवलं आणि सर्टिफिकेटचे नियमही सैल केले, मोठ्या काउंटींमध्ये सर्जरी सेंटर आणि एमआरआयला टप्प्याटप्प्याने सूट. मेडिकेडवर मला शंका होत्या, काही अजून आहेत, पण प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागलं आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी आलं, म्हणून तो कायदा पुढच्या निवडणुकीनंतरही जागेवर आहे. अलास्कातही असंच, २०१७ साली तिथे ४० टक्क्यांच्या आसपास वाढ होणार होती, राज्याने सगळ्यात महागड्या आजारांच्या क्लेम्ससाठी वेगळा पैसा बाजूला काढला, रीइन्शुरन्स, आणि वाढ एक आकडी झाली. हाय रिस्क पूलचीच कल्पना ती, फक्त पैसे खरोखर घातले आणि आजारी माणसाला वेगळ्या रांगेत उभं केलं नाही. आमच्या पक्षाकडे प्लॅन नाही असं म्हणतात, पण प्लॅन राज्यांत चाललेला आहे, वॉशिंग्टनला तो मांडायला माणूस मिळत नाही.

तिसरं सगळ्यात अवघड. नोकरीतून मिळणाऱ्या इन्शुरन्सवर टॅक्स नाही. दुसऱ्या महायुद्धात पगार गोठवले होते म्हणून कंपन्यांनी माणसं खेचायला विमा द्यायला सुरुवात केली, १९५४ मध्ये ती सूट टॅक्स कोडमध्ये पक्की झाली, आणि आज १५ कोटींपेक्षा जास्त लोक त्यावर आहेत. कंपनीतल्या फॅमिली प्लॅनचा सरासरी वार्षिक खर्च २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता, त्यातला मोठा भाग कंपनी भरते म्हणून तो फुकट वाटतो, पण तो तुमच्याच पगारातून वळवलेला असतो. तुम्ही नोकरीत होतात तेव्हा तुम्हालाही ही मोठी सबसिडी मिळत होती, नाव फक्त वेगळं होतं. एचवनबीवरच्या माणसाला विचारा, लेऑफ झाला की व्हिसाचे ६० दिवस आणि कोब्राचा चेक एकाच आठवड्यात डोळ्यांसमोर येतात. २००८ मध्ये मॅकेन यांनी ही सूट काढून प्रत्येकाला थेट क्रेडिट द्या म्हटलं, कुटुंबाला ५,००० डॉलर, ओबामांनी जाहिरातींमध्ये त्यावर सडकून टीका केली. मग ओबामांच्याच कायद्यात महागड्या प्लॅनवर कॅडिलॅक टॅक्स आला, त्याच करसवलतीला हात घालणारा, तो दोन्ही पक्षांनी पुढे ढकलत ढकलत २०१९ मध्ये रद्द केला, हाऊसमधलं मतदान ४१९ विरुद्ध ६. आरोग्याच्या विषयावर दोन्ही पक्षांचं इतकं एकमत मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही, आणि ते झालं अवघड काम टाळण्यासाठी.

थोडक्यात, सबसिडीची तारीख त्यांची, तयारी नसणं आमचं, आणि किंमत दोघांची. माझं मत सरकारने पैसे द्यावेत पण माणसाच्या हातात द्यावेत, त्याच्या नावावरच्या खात्यात, मोठ्या आजाराला खरा विमा असावा, छोट्या गोष्टींना आधी भाव विचारता यावा. २०२१ पासून हॉस्पिटलांना दर जाहीर करायची सक्ती आहे, ट्रम्प यांच्या पहिल्या टर्ममधलं काम ते, बायडन यांनीही चालू ठेवलं. पण दर बघून चार पैसे वाचवले तर ते माझेच राहणार असतील तरच लोक ते उघडून बघतील.

आता तुमचं घर. दोन माणसांच्या कुटुंबासाठी क्रेडिट मिळायची २०२६ ची उत्पन्नाची मर्यादा ८४,६०० डॉलर आहे, त्याच्या एक डॉलर वर गेलं की क्रेडिट शून्य, आत राहिलं की त्या दुसऱ्या नंबरच्या सिल्व्हर प्लॅनसाठी उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ९.९६ टक्के, म्हणजे महिना सातशेच्या आसपास. तुम्ही ८९ वर आहात, म्हणजे साधारण चार हजार चारशेंनी बाहेर. तुमचा स्वतःचा धंदा आहे आणि दोघांपैकी कुणाला ऑफिसचा रिटायरमेंट प्लॅन नाही असं धरलं तर ट्रॅडिशनल आयआरएमध्ये (निवृत्तीचं बचत खातं) पन्नाशीवरच्या माणसाला २०२६ साठी ८,६०० पर्यंत टाकता येतात, १५ एप्रिल २०२७ पर्यंत, आणि ते या मोजमापातल्या उत्पन्नातून वजा होतात. मार्केटप्लेसवरचा ब्रॉन्झ (सिल्व्हरच्या खालच्या श्रेणीचा) प्लॅन असेल तर २०२६ पासून तो एचएसएला चालतो, कुटुंबाला ८,७५० आणि ५५ वरच्याला आणखी हजार. सिल्व्हर असेल तर एचएसए सहसा नाही, आयआरएच बघा. पॉलिसी मार्केटप्लेसमधूनच घेतलेली असली पाहिजे, बाहेरून थेट कंपनीकडून घेतली असेल तर क्रेडिट मिळत नाही.

तुम्ही आत्ता पूर्ण हप्ता भरताय तर ते क्रेडिट वर्षअखेरीला रिटर्नमध्ये मागता येतं, आणि मी तुम्हाला तसंच करायचा सल्ला देईन. आधीच घेतलं आणि डिसेंबरमध्ये एखादं मोठं इनव्हॉइस येऊन मर्यादा ओलांडली, तर सगळंच्या सगळं परत करावं लागतं, आणि उत्पन्न मर्यादेच्या आत असणाऱ्यांच्या परतफेडीला आधी जी कमाल रक्कम ठरलेली असायची तीही जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून काढलीय. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना हप्त्याची वजावटही मिळते, ती आणि हे क्रेडिट एकमेकांवर अवलंबून असल्याने आकडेमोड गोल फिरते, ती सीपीएकडून (टॅक्सच्या अकाउंटंटकडून) करून घ्या, घरी सॉफ्टवेअरवर करताना लोकांची गडबड होते. तुमची काउंटी, दोघांची वयं आणि प्लॅन ब्रॉन्झ की सिल्व्हर एवढं इथे लिहा, आकडे बसवून देतो. अर्जाचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबर मात्र टाकू नका.